फळ कुठल्या गटातलं?

नागपूरहून निघालेला समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटर धावून भिवंडी तालुक्यातल्या आमणे गावाशी संपतो. इगतपुरी ते आमणे हा ७६ किलोमीटरचा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ रोजी खुला झाला. रस्त्याच्या बातम्यांत बोगद्यांची लांबी आणि वाचलेले तास आले. मला मात्र या रस्त्यावरचे जिल्हे फळांनी मोजावेसे वाटतात. नागपूर-अमरावतीची संत्री, जालना आणि छत्रपती संभाजीनगरची मोसंबी, राहात्याचा पेरू, नाशिकची द्राक्षं आणि डाळिंबं. जुन्या मुंबई-आग्रा रस्त्यानं जळगावची केळी येतात ती वेगळीच. राज्याच्या फळबागांचा केवढा तरी मोठा भाग आता भिवंडीच्या वेशीत उतरतो.

उतरतो तो गोदामांत. भिवंडी म्हटलं की जुन्या माणसांना यंत्रमागांचा खडखडाट आठवतो. आज शहराबाहेरच्या काल्हेर, पूर्णा, दापोडे, वळ, माणकोली, राहनाळ या गावांतून गेलं तर दोन्ही बाजूंना निळ्या-पांढऱ्या पत्र्यांचे गाळेच गाळे दिसतात. मुंबईची जकात चुकवायची नाही, पण ती भरायची वेळ पुढे ढकलायची, तर माल शहराच्या हद्दीबाहेर ठेवायला हवा. हमरस्ता जवळ हवा, बंदर जवळ हवं आणि जागा स्वस्त हवी. हे सगळं इथे होतं. २०१७ साली जीएसटी आला, जकात गेली, आणि गोदामं कमी होण्याऐवजी वाढली, कारण आता प्रत्येक राज्यात वेगळं गोदाम ठेवण्याची कंपन्यांना गरज उरली नाही. एकच मोठं ठेवलं की भागतं. आगरी-कोळ्यांच्या भातखाचरांवर भराव पडला आणि त्यावर देशातली सगळ्यात मोठी गोदामवस्ती म्हणून ओळखली जाणारी वसाहत उभी राहिली. मोबाइलवर मागवल्यावर दहा मिनिटांत घरी येणाऱ्या सफरचंद-केळ्याच्या मागे बऱ्याचदा असलाच एखादा शीतगाळा असतो.

अशा शीतगाळ्यात केळ्यांचं काय होतं ते जवळून पाहण्यासारखं आहे. रावेर-यावलकडून आलेला घड हिरवा आणि कडक असतो. फण्या वेगळ्या करून, धुऊन, प्लॅस्टिकच्या क्रेटमध्ये भरून त्या पिकवण खोलीत रचतात. खोलीत इथिलीन वायू सोडतात. कायद्यानं त्याची मर्यादा हवेत दहा लाखांस शंभर भाग इतकी आहे, आणि कॅल्शियम कार्बाइडला पूर्ण बंदी आहे. चार-पाच दिवसांत रंग येतो. मग क्रेट बाहेर निघतात, प्रतवारी होते, वजन होतं, पिशव्या भरल्या जातात. क्रेटवर जो कागद चिकटवलेला असतो त्यावर तारीख, वजन, पुरवठादाराचा संकेतांक आणि फार तर जिल्ह्याचं नाव. तिथवर आलेल्या दहा शेतकऱ्यांच्या फण्या प्रतवारीच्या टेबलावर एकत्र झाल्या की त्या क्षणी बाग पुसली जाते. पुढे कुणी कितीही विचारलं तरी ‘जळगाव’ एवढंच उत्तर मिळतं.

कायदाही इथेच थांबतो. अन्न सुरक्षा व मानके कायदा २००६ सालचा. त्याच्या कलम १८ मध्ये स्पष्ट म्हटलं आहे की हा कायदा शेतकऱ्याला आणि शेतातल्या पिकाला लागू नाही. शेतकऱ्याला इन्स्पेक्टरच्या जाचातून वाचवणारी ही तरतूद मला योग्यच वाटते. पण तिचा दुसरा परिणाम असा की फळात औषधाचा अंश जास्त सापडला तर साखळी उलट चालत व्यापाऱ्यापर्यंत जाते आणि बांधाशी येऊन संपते. कुठल्या गावात कुठली फवारणी चुकते आहे हे कळायचा मार्गच राहत नाही, आणि चांगली फवारणी करणाऱ्यालाही त्याचं श्रेय मिळत नाही.

याच भिवंडीवरून, जवळजवळ याच रस्त्यानं, जानेवारीपासून एप्रिलपर्यंत वेगळी वाहनं जातात. कसारा घाट उतरून शहापूर, पडघा, माणकोली, माजिवडा करत न्हावा-शेवा बंदराकडे निघालेले शीत कंटेनर. त्यांत द्राक्षं असतात आणि त्यातल्या प्रत्येक पेटीला पत्ता असतो. पेटीवरच्या क्रमांकावरून रॉटरडॅमच्या गोदामात बसलेला माणूस दिंडोरी किंवा निफाड तालुक्यातल्या नेमक्या बागेपर्यंत पोहोचू शकतो. एकाच रस्त्यावरून जाणाऱ्या दोन ट्रकांमधला हा फरक मला फार अस्वस्थ करतो.

हा पत्ता आला कसा, ते सांगितलंच पाहिजे. २००३ च्या सुमारास युरोपात भारतीय द्राक्षांमध्ये कीडनाशकांचे अंश मर्यादेपेक्षा जास्त सापडले आणि माल अडचणीत आला. त्यातून शेतमालाच्या निर्यातीसाठीची केंद्रीय संस्था अपेडा, राज्याचा कृषी विभाग आणि पुण्याजवळ मांजरीला असलेलं राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र यांनी मिळून अंश नियंत्रणाची व्यवस्था बसवली आणि २००६ मध्ये ‘ग्रेपनेट’ सुरू झालं. पुढे याच धर्तीवर डाळिंबासाठी अनारनेट, आंब्यासाठी मँगोनेट, भाज्यांसाठी व्हेजनेट आलं आणि सगळं मिळून हॉर्टिनेट झालं.

यातला घटक शेतकरी नाही, प्लॉट आहे. एकाच माणसाच्या दोन बागा असतील, एकीत थॉमसन आणि दुसरीत शरद वाण, तर दोन नोंदण्या. ७/१२ वरचा गट क्रमांक, क्षेत्र, वाण, छाटणीची तारीख, बागेच्या चतुःसीमा, असं सगळं देऊन दरवर्षी नोंदणी करायची. कृषी विभागाचा माणूस बागेत येऊन तपासणी करतो. शेतकरी फवारणीची वही ठेवतो: कुठलं औषध, किती, कोणत्या तारखेला, आणि काढणीपूर्वी किती दिवस ते बंद करायचं. माल तयार झाला की मान्यताप्राप्त प्रयोगशाळेचा माणूस स्वतः येतो, बागेत आडवा-तिडवा फिरून वेगवेगळ्या वेलींवरचे घड कापतो, पिशवी सीलबंद करतो. अहवाल संगणकावर चढतो. अहवाल नापास झाला तर त्या प्लॉटचा माल युरोपच्या पेटीत भरताच येत नाही, कारण पुढची कागदपत्रं संगणक काढूच देत नाही. पास झाला तर पहाटे काढणी, पॅकहाउसात घडांची साफसफाई करून अर्ध्या किलोच्या डब्या, वर सल्फर डायऑक्साइडचा कागद, पूर्वशीतकरण, आणि पेटीवर प्लॉटचा क्रमांक. ही शिस्त नाशिकच्या शेतकऱ्यानं अंगी बाणवली. ‘एक्सपोर्टचा माल’ हा शब्द त्या पट्ट्यात अभिमानानं उच्चारला जातो, आणि तो अभिमान रास्त आहे.

तरी २०१० साली मोठा फटका बसला. युरोपातल्या प्रयोगशाळांना भारतीय द्राक्षांत क्लोरमेक्वाट क्लोराइड सापडलं. वेलीची शाकीय वाढ रोखून घड निघावेत म्हणून हे संजीवक इथे वर्षानुवर्षं वापरलं जात होतं. शेतकरी त्याला ब्रँडच्या नावानंच ओळखतो. युरोपची मर्यादा किलोमागे ०.०५ मिलिग्रॅम. माल बंदरांवर अडला, खरेदीदारांनी हात वर केले, निर्यातदार बुडाले आणि त्यांच्यामागे शेतकरी. आणि गंमत नव्हे, वेदना अशी की प्रत्येक पेटीचा प्लॉट माहीत होता, प्रत्येक प्लॉटचा अहवाल ‘पास’ होता. तपासायच्या रसायनांच्या यादीत हे नावच नव्हतं. नकाशा बरोबर होता. त्या नकाशाला विचारायचा प्रश्न राहून गेला होता. त्यानंतर यादीत ते आलं. नाशिकमध्ये शेतकऱ्यांनी स्वतःची कंपनी काढून सगळी साखळी आपल्या हातात घ्यायचं जे पाऊल उचललं, दिंडोरी तालुक्यातल्या मोहाडीची ‘सह्याद्री फार्म्स’ हे त्याचं सगळ्यात मोठं उदाहरण, तेही याच काळातलं. तिथे विलास शिंदे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बागेची नोंद, छाटणीचं वेळापत्रक, औषधाची खरेदी आणि पॅकहाउस एका सूत्रात आणलं.

२०२३-२४ मध्ये भारतातून सुमारे ३ लाख ४३ हजार टन द्राक्षं परदेशी गेली, किंमत ३,४६० कोटी रुपये. आकडा मोठा आहे, पण देशात पिकणाऱ्या द्राक्षांचा तो साधारण दहावा हिस्सा. त्यातही बांगलादेश आणि आखातात जाणाऱ्या मालाला युरोपइतकी कडक चौकट नाही. म्हणजे दहातले नऊ घड तुमच्या-माझ्या घरी, बेदाण्याच्या शेडवर किंवा उत्तरेच्या बाजारात जातात. त्याच बागेतले, त्याच वेलीवरचे. एक्सपोर्टची प्रत काढून झाली की उरलेला माल ‘लोकल’ होतो, आणि लोकल झाला की त्याचा क्रमांक गळून पडतो. डच बाळाच्या डब्यातल्या द्राक्षाचा प्लॉट माहीत आहे आणि कल्याणच्या बाळाच्या डब्यातल्या द्राक्षाचा नाही, हे मला मान्य होत नाही.

लोकल मालाचा पत्ता नसण्याची किंमत शेतकरी दुसऱ्या बाजूनंही मोजतो. बांधावर येऊन भाव ठरवणारा व्यापारी सुरुवातीचे ट्रक रोखीनं उचलतो, मग उधारीवर, आणि हंगाम संपताना फोन बंद करतो. ‘व्यापारी पळाला’ ही नाशिक-सांगलीच्या द्राक्षपट्ट्यात दरवर्षी ऐकू येणारी बातमी आहे. कुठल्या प्लॉटमधून किती माल कुणाकडे गेला याची दोन्ही बाजूंनी नोंद असती तर पोलिसांत तक्रार देताना शेतकऱ्याकडे वहीतल्या पेन्सिलच्या आकड्यांपेक्षा अधिक काही असतं.

बागेची ओळख मालाबरोबर बाजारात जावी हा विचार काही आपल्याला नवा नाही. कोकणातून आंब्याची पेटी मुंबईला निघायची तेव्हा तिच्यावर बागायतदाराचा मार्का असायचा, आजही असतो. दलालाकडे त्या मार्क्याचा लौकिक असतो. विक्री झाली की हिशेबाची पट्टी त्याच मार्क्याच्या नावानं घरी येते. क्रॉफर्ड मार्केटातून फळबाजार १९९६ मध्ये वाशीला गेला, मार्का बरोबर गेला. या व्यवस्थेत दलालीचे, उशिरा पैसे मिळण्याचे सगळे दोष आहेत, पण माल कुणाचा हे तिथे विसरलं जात नाही. गावातल्या संकलन केंद्रावर माल घेऊन भिवंडीच्या गाळ्यात प्रतवारी करणारी नवी साखळी वेगवान आहे, स्वच्छ आहे, पैसेही वेळेवर देते. मार्का मात्र तिच्यात उरला नाही.

हापूसनं तो परत मिळवायचा नेटानं प्रयत्न केला आहे. ऑक्टोबर २०१८ मध्ये हापूसला भौगोलिक मानांकन मिळालं: रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर. (या यादीत ठाणे आहे, म्हणजे भिवंडी तालुक्यातल्या एखाद्या शेतकऱ्याच्या बांधावर हापूसची कलमं असतील तर तोही नोंदणी करून हापूस या नावानं विकू शकतो. गोदामांच्या या तालुक्यात हे फारसं कुणाच्या ध्यानात नसतं.) पण मानांकनानं कर्नाटकचा आंबा हापूसच्या पेटीत येणं थांबलं नाही. २०२५ च्या हंगामात देवगड तालुका आंबा उत्पादक सहकारी संस्थेनं प्रत्येक फळावर चिकटवायचे, छेडछाड केली तर उघडे पडणारे विशिष्ट क्रमांकाचे स्टिकर आणले. गिऱ्हाइकानं फोटो काढून व्हॉट्सॲपवर पाठवायचा, शेतकऱ्याचं नाव-गाव परत येतं. यातली खरी हुशारी स्टिकरमध्ये नाही, ती वाटपात आहे. शेतकऱ्याला स्टिकर मिळतात ते त्याच्या नोंदलेल्या जमिनीवरच्या झाडांच्या हिशेबानं. दोनशे कलमांच्या बागेतून दोन हजार कलमांचा आंबा निघू शकत नाही. बागेची मोजणी नीट असेल तर भेसळीचं गणित आपोआप जुळेनासं होतं.

प्रश्न येतो तो मोजणीचाच. उपग्रहावरून बागा मोजायचं काम देशात २०१४ पासून ‘चमन’ या प्रकल्पात सुरू झालं. आंबा, केळी, लिंबूवर्गीय फळं अशी निवडक पिकं त्यात घेतली. सोलापूरच्या माळावरचं डाळिंब किंवा मोर्शी-वरुडचं संत्रं, रांगेत लावलेलं, वरून बरंच ओळखू येतं. कोकणातल्या कातळावरची कलमं, त्यात काजू, मध्ये साग, बांधाला रायवळ, हे चित्र वरून उलगडत नाही. आणि केळी तर अकरा-बारा महिन्यांत उभी राहून कापली जातात. म्हणून जमिनीवरून खात्री लागतेच. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यात ई-पीक पाहणी आली, शेतकरी स्वतः गटात उभा राहून पिकाचा फोटो चढवतो. चांगली सोय आहे, पण मोबाइलचं नेटवर्क, वाटणी न झालेले सामाईक गट, वडिलांच्या नावावर पडून असलेले उतारे, आणि कागदावर आहे पण जमिनीवर कधीच वाळून गेली अशी बाग, यांतून वाट काढताना ती अडखळते. १९९० मध्ये रोजगार हमीशी जोडलेल्या फळबाग योजनेतून राज्यात लाखो हेक्टरवर लागवड झाली. त्यातल्या कित्येक बागा दुष्काळात गेल्या, तरी उताऱ्यावर अजून डोलत आहेत.

कागदावरच्या बागांचा आणखी एक प्रकार आहे. हवामान आधारित फळपीक विम्यात नसलेल्या बागांचे विमे उतरवले गेल्याचं कृषी विभागाच्या पडताळणीत गेल्या काही वर्षांत उघड झालं. मृग बहार आणि आंबिया बहार, दोन्हींत. त्याची झळ खऱ्या बागायतदाराला लागते, कारण मग कंपनी सगळ्यांकडेच संशयानं बघते आणि भरपाई रखडते. २०२५ च्या सप्टेंबरात मराठवाड्यात अतिवृष्टी झाली, मोसंबीच्या बागांत पाणी साचलं, फळगळ झाली. अशा वेळी पंचनाम्याला तलाठी आणि कृषी सहायक चिखलातून किती गट फिरणार? बागेची सीमा, झाडांची संख्या आणि वय आधीच खात्रीनं नोंदलेलं असेल तर निम्मं काम झालेलं असतं.

आणखी एक गोष्ट अशा नकाशाशिवाय दिसत नाही: पाणी. फळबाग म्हणजे दहा-वीस वर्षांचा करार, आणि तो करार विहिरीशी, बोअरशी, शेततळ्याशी केलेला असतो. संत्र्याच्या पट्ट्यात वरुड-मोर्शीला भूजल किती खाली गेलं याची चर्चा दशकांपासून आहे. नवा रस्ता झाला, भिवंडीचं गोदाम जवळ आलं, तर मागणी वाढेल आणि पाणी नसलेल्या माळावरही नवी लागवड होईल. एका पाणलोटात किती हेक्टर बाग आधीच उभी आहे हे लावणाऱ्याला, बँकेला आणि खरेदीदाराला दिसलं तर निदान डोळे उघडे ठेवून निर्णय होईल. ‘शाश्वत पुरवठा’ असं कंपन्यांच्या अहवालात छापलेलं असतं. त्याचा पहिला अर्थ माझ्या लेखी हा आहे की दहा वर्षांनीही त्या बागेत झाड उभं असावं.

नासाडीचंही तसंच. लुधियानाच्या केंद्रीय काढणीपश्चात संस्थेनं २०१५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत पेरूची नासाडी जवळजवळ १६ टक्के निघाली, फळांत सर्वाधिक. कुठल्या गावात कुठल्या आठवड्यात किती माल निघणार हे आधी कळलं तर गाडी, क्रेट, शीतखोली तिथे वेळेवर पाठवता येते. आज गाडी पडघ्यापासून माजिवड्यापर्यंतच्या कोंडीत उभी राहते, दिवसा जड वाहनांना बंदीच्या वेळा असतात, आणि पेरू आत पिवळा पडतो.

जग कुठे चाललं आहे ते युरोपच्या जंगलतोडविरोधी नियमात दिसतं. कॉफी, कोको, रबर, पामतेल, सोयाबीन अशा मालासाठी त्यांनी शेताचे अक्षांश-रेखांश मागितले आहेत, चार हेक्टरच्या वरचं शेत असेल तर संपूर्ण सीमारेषा. त्याची अंमलबजावणी पुन्हा पुन्हा पुढे गेली आहे, आणि फळं त्यात नाहीत. पण वारं ओळखायला एवढं पुरेसं आहे.

म्हणूनच नकाशा कुणाच्या हातात राहणार, याची मला सगळ्यात जास्त काळजी वाटते. आज खरेदी करणाऱ्या कंपन्या आपापल्या शेतकऱ्यांच्या बागा ॲपवर मोजून घेत आहेत. सरकार शेतकरी ओळख क्रमांक देत आहे. बँक, विमा कंपनी, औषध कंपनी प्रत्येकाची वेगळी नोंद. कुणाच्या बागेत किती माल, कधी तयार, कर्ज किती, हे सगळं ज्याला एका पडद्यावर दिसतं तो भाव ठरवायला बसतो तेव्हा समोरचा शेतकरी उघडा असतो. ग्रेपनेटमध्ये निदान नोंद सार्वजनिक संस्थेकडे आहे. देवगडला ती शेतकऱ्यांच्या सहकारी संस्थेकडे आहे. माझ्या मते फळबागेची नोंद अशा सार्वजनिक किंवा सहकारी संस्थेकडेच असावी आणि खरेदीदारानं ती शेतकऱ्याच्या परवानगीनं, लागेल तेवढीच पाहावी. आपल्याकडे सहकाराची शंभर वर्षांची सवय आहे. साखर मोजता आली, दूध मोजता आलं, बाग का मोजता येणार नाही?

लागणारं काम अवघड नाही. प्रतवारीच्या टेबलावर माल एकत्र होतो तिथे, एका प्लॉटचा माल संपल्याशिवाय दुसऱ्याचा घ्यायचा नाही, एवढी शिस्त निर्यातीच्या पॅकहाउसात रोज पाळली जाते. तीच भिवंडीच्या गाळ्यात पाळायची. क्रेटवरच्या कागदात एक ओळ वाढवायची. वेळ थोडा जास्त लागेल, मजुरी थोडी वाढेल, ती वाढ शेतकऱ्याच्या माथी न मारता साखळीनं सोसायची. माल वेगळा ठेवायला गाळेवाला तयार होईल तो गिऱ्हाइकानं मागितलं तरच, आणि गिऱ्हाईक मुंबई-ठाण्यात बसलेलं आहे.

नाशिकमध्ये दरवर्षी फळासाठीची गोडी छाटणी आटोपत येते तेव्हा निर्यातीच्या प्लॉटांची नोंदणी सुरू असते. अर्जात गट क्रमांक आहे, वाण आहे, छाटणीची तारीख आहे.  त्यात माल भारतातच विकायचा आहे असं लिहायची सोय येत्या हंगामापासून करता येईल. अर्ज तोच, तपासणी तीच, आणि फेब्रुवारीत माणकोलीच्या गाळ्यात उतरणाऱ्या क्रेटवर प्लॉटचा क्रमांक लिहिलेला असेल.